दोन कागदांची टाचणी

मी टाचणी बोलतेय. कान जरा जवळ आणावा लागेल. माणसांना माझी आठवण होते ती शांतता किती आहे हे सांगायला; टाचणी पडली तरी ऐकू येईल, म्हणतात. पडल्यावर ऐकू येते, मग बोलल्यावर का येऊ नये, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझ्या बोलण्याला टोक आहे, तेवढं सांभाळून घ्या. ते मला जन्मापासूनच आहे.

सध्या माझा मुक्काम एका काचेच्या बरणीत आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात एक लांब टेबल आहे आणि त्या टेबलावर ही बरणी. आत माझ्यासारख्या शेकडो जणी, शिवाय क्लिपा, स्टेपलच्या तारा, एका सेफ्टी पिनेचं मोडकं टोपण. सगळ्या गंजलेल्या. आमची एकमेकींशी फारशी ओळख नाही. जी ती आपापल्या कागदांची आठवण काढत पडलेली असते.

माझा जन्म कारखान्यातला. तारेचं भलंमोठं वेटोळं, त्याचा एक तुकडा तोडला, एका बाजूला ठोकला, दुसऱ्या बाजूला घासला. झाली टाचणी. शंभर बहिणींबरोबर एका कागदी पुडक्यात बसून मी या विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले, आणि तिथे मला धाकटी भेटली.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. भाऊ तिला त्याच नावाने पत्र लिहायचा, म्हणून मला ते माहीत. ती वसतिगृहात राहायची. घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिलीच. भाऊ शिंपी होता, पाच वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून तो मशीनवर बसला आणि हिला शिकू दिलं. प्रयोगशाळेत घालायचा तिचा पांढरा कोट त्यानेच शिवला होता. इतर मुलींच्या कोटांना दोन खिसे, हिच्या कोटाला तीन. ‘तिसरा कशाला गं?’ असं कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘दादाला विचारा. त्याला वाटतं मी हरवते सगळं.’

तेव्हा ती लोखंडाच्या गंजाचा प्रयोग करत होती. तीन नळ्या, प्रत्येकीत सारख्या वजनाच्या टाचण्या. एका नळीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, तिसरी कोरडी बंद. मी तिसरीतली. रोज वजन करायचं आणि आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे. पाण्यातल्या बहिणींच्या रेघा चढत गेल्या, आमची मात्र सरळ आडवी राहिली. मला त्याचा मोठा अभिमान वाटे. गंज काय असतो हे तेव्हा मला कुठे माहीत होतं? प्रयोग संपल्यावर तिने मला कोटाच्या कॉलरला खोचून ठेवलं. त्यातला एक आलेख आकडे चुकल्यामुळे वाया गेला होता, तोही तिने टाकला नाही. मागची बाजू कोरी होती.

परीक्षा सुरू झाली. शेवटचं प्रात्यक्षिक देऊन ती दुपारी खोलीवर आली, तर दाराखालून भावाचं कार्ड सरकवलेलं होतं. आई गेली. जाऊन चार दिवस झाले होते.

ती उभ्याउभ्याच कार्ड वाचत होती आणि मी तिच्या कॉलरवर होते. मग ती टेबलाशी बसली, पत्रांच्या पॅडचा शेवटचा कागद ओढला आणि शाईने लिहायला लागली. ते पत्र मला पाठ आहे. पन्नास वर्षं त्याच्या अंगातून आरपार राहिल्यावर कुणालाही झालं असतं.

‘दादा, आई गेल्याचं तू मला चौथ्या दिवशी कळवलंस. शेजाऱ्यांना कळलं, तुझ्या गिऱ्हाइकांना कळलं, मला नाही. माझीही आई होती ती. तिच्याजवळ शेवटचं बसायचं माझं राहून गेलं आणि ते तुझ्यामुळे राहिलं. हे आता कुणालाच भरून देता येणार नाही. यापुढे मला भाऊ आहे असं मी मानणार नाही.’

कागद संपला. ती उठली. कोपऱ्यातल्या माठातून गडूभर पाणी घेतलं, खिडकीशी उभी राहून प्यायली. परत आली तेव्हा पेनातली शाई संपलेली आणि पॅडही संपलेलं. मग तिने तो वाया गेलेला आलेख उलटा केला, पेन्सिल घेतली आणि पुढे लिहिलं.

‘मागचं वाक्य लिहिलं आणि पाणी प्यायला उठले. पिऊन येईपर्यंत ते खोटं झालं होतं. खोडत नाही, कारण लिहिताना ते खरं होतं, आणि तुझ्यापासून काही लपवायची मला सवय नाही. परीक्षा होईपर्यंत तिला कळवू नकोस, असं आईनेच तुला बजावलं असणार. मला आई माहीत आहे. आणि तू तिचं ऐकलंस, कारण तू कुणाचा शब्द मोडत नाहीस. दादा, रविवारी ये. मी फाटकापाशी उभी राहते. आपण दोघं बसून रडू, मग मी तुझ्याबरोबर घरी येईन.’

तिने कॉलरवरून मला काढलं, दोन्ही कागद जुळवले आणि कोपऱ्यात मला टोचलं. एकदा आत, एकदा बाहेर. दोन भोकं. लिहिलेली बाजू आतल्या अंगाला, आलेख बाहेर. त्या क्षणी मला माझं काम मिळालं. जगात बाकी कुणाचं काही होवो, हे दोन कागद एकमेकांना सोडणार नाहीत.

पत्र तिने टाकलं नाही. टपालपेटीपर्यंत गेली, घडी हातात धरून उभी राहिली आणि परत आली. तो नाहीच आला तर? पत्र टाकलंच नाही तर नकारही यायचा नाही, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं. आणि रविवारी ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली ती राहिलीच, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. प्रयोगवही छातीशी, वहीत पत्र, पत्रात मी. माणसं अशीच असतात. न टाकलेल्या पत्राला उत्तर यावं म्हणून पाय दुखेपर्यंत उभी राहतात, आणि आलं नाही की रुसतात.

तिकडे भाऊही वाट बघत असणार. आपण गुन्हा केलाय, तेव्हा तिनेच बोलवावं, मग जावं. दोघेही एकाच आईची लेकरं, हट्टाला कोण कमी?

वर्षं गेली. तिचं लग्न झालं, ती कॉलेजात शिकवू लागली, घरं बदलली. दर घरात ती वही कपाटाच्या वरच्या खणात. तिला मुलगी झाली तेव्हा टपालाने एक पुडकं आलं. निळा फ्रॉक, गळ्याला पांढरी गोट. आत चिठ्ठी नव्हती, पण टाके तिने ओळखले. तिने तो मुलीला घातला, फोटो काढला, आणि फोटो पाठवला नाही. दोन-चार वर्षांतून एकदा वही काढायची, घडी उलगडायची, माझ्या डोक्यावर अंगठा ठेवून वाचायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. ज्या घराच्या भिंतींना ओल होती, तिथे मला गंज धरला. माझी आडवी रेघ चढायला लागली. मी तेव्हाही कागद सोडले नाहीत. उलट गंजाने त्यांना आणखी घट्ट चिकटले.

गेल्या वर्षी धाकटी गेली.

तिच्या मुलीने घर आवरायला घेतलं, तेव्हाच विद्यापीठाचं आवाहन तिच्या वाचण्यात आलं. तुमच्या घरातल्या माजी विद्यार्थ्यांचे कागद रद्दीत घालू नका, आम्हाला द्या. मोठे ग्रंथ नकोत, साधी पत्रं, वह्या, चिठ्ठ्या, फोटो द्या, त्यांतूनच आम्हाला कळतं इथे कोण कसं राहिलं. मुलीने आईचे कागद खोक्यात भरले. एकही वाचला नाही. ‘मला आत्ता नाही वाचवणार,’ ती कुणाशी तरी फोनवर म्हणत होती, ‘पण टाकवणारही नाही.’

असं पन्नास वर्षांनी मी विद्यापीठात परत आले.

तळघरात एकटीच काम करणारी एक बाई आहे. सगळे तिला जतनबाई म्हणतात. तिचा हात इतका हलका की तिने घडी उघडली तर कागदाला कळणारही नाही. तिच्याबद्दल वाईट बोलावंसं मला वाटत नाही, हे आधीच सांगते. लोखंड कागदाला खातं, म्हणून ती प्रत्येक बंडलातल्या टाचण्या काढते. बरोबरच आहे. माझ्याभोवती कागद तपकिरी पडला होता, आणखी काही वर्षांत मी त्याला भोकच पाडलं असतं. पण तिचाच एक नियम होता: टाचणी काढायच्या आधी चिठ्ठीवर लिहायचं, कोणता कागद कोणत्या कागदाबरोबर होता. मग चिठ्ठी तिथे ठेवायची, मग टाचणीला हात लावायचा.

त्या दिवशी मात्र, चिठ्ठी लगेच लिहू म्हणून, तिने आधीच माझ्याखाली पातळ पातं सरकवलं, मला हळूच सोडवलं, आणि फोन वाजला.

दहा मिनिटं ती फोनवर होती. आल्यावर तिच्यासमोर दोन कागद होते. एक शाईचं पत्र. दुसरा आलेख, वर तीन रेघा, खाली आकडे. तिने तो उचलला, मागे पुसट पेन्सिल दिसली, प्रयोगशाळेतल्या पोरीचं कच्चं काम असेल, असं म्हणाली असेल मनात. पत्र गेलं पत्रांच्या पेटीत. आलेख गेला प्रयोगवह्यांबरोबर, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. आणि मी या बरणीत. मी ओरडले. टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणतात ना? बरणीत पडताना झाला तेवढाच माझा आवाज.

मग एके दिवशी मुलगी एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आली. तिने आईच्या जाण्याचं त्यांना कळवलं होतं, तेव्हा ते पहिल्यांदा तिला भेटले.

‘हे माझे मामा,’ ती जतनबाईला म्हणाली. ‘शिलाईचं दुकान होतं यांचं. सगळे मास्तरच म्हणतात.’

मास्तर या टेबलाशी बसले, बरणीपासून हातभर अंतरावर. शर्टाच्या कॉलरखाली दोरा ओवलेली सुई खोचलेली होती. दुकान बंद झालं तरी सवय गेली नव्हती. जतनबाई पेटी आणायला गेली, तोवर भाचीने विचारलं, ‘निळा फ्रॉक तुम्हीच पाठवला होता ना?’

‘अंगाला बसला होता का?’ मास्तर म्हणाले. ‘माप नव्हतं. अंदाजानेच बेतला होता.’

‘छान बसला होता. फोटो आहे घरी. फ्रॉकही ठेवलाय आईने.’

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘तुझी आई गेली माझ्यावर रागावूनच, की तो राग कधी उतरला होता, एवढंच मला बघायचंय गं. तिला कळवू नकोस, परीक्षा बुडेल, असं आमच्या आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी तुझ्या आईला कधी सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं.’

पेटी आली. जतनबाईने त्यांच्यासमोर पत्र ठेवलं. ‘दादा’ एवढंच वर वाचून तिला वाटलं, हेच यांना हवं असणार. तिच्या चांगुलपणानेच घात केला.

मास्तरांनी चष्मा चढवला आणि वाचलं. एकदाच. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. मी बरणीच्या काचेला टेकून सगळं बघत होते आणि पुढचं वाक्य मला येत होतं, अक्षर न् अक्षर. मागचं वाक्य लिहिलं आणि पाणी प्यायला उठले. मी ते म्हणत होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते.

‘बरोबर आहे तिचं,’ मास्तर म्हणाले.

भाचीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी पत्र सरळ केलं, कपड्यावरची सुरकुती काढावी तशी कडेने बोटं फिरवली, आणि कोपऱ्यावर त्यांचा अंगठा अडला. पुन्हा मागे आला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

‘इथे टाचणी होती.’

‘हो,’ जतनबाई म्हणाली. ‘आम्ही काढून टाकतो. गंजतात, कागद खराब होतो.’

‘एका कागदाला कुणी टाचणी लावत नाही, बाई.’

जतनबाईचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. तिने पेटीतल्या चिठ्ठ्या पाहिल्या, त्या कागदाची चिठ्ठी नव्हती. पेटीतली सगळी पत्रं पाहिली, सुट्या कागदांची फाइल पाहिली. ‘माझ्याकडून राहिलंय,’ ती म्हणाली. ‘मी शोधते. कुठेतरी इथेच आहे. मी शोधते, मास्तर.’

‘असेल नसेल,’ मास्तर उठत म्हणाले. ‘नुसता मागे जोडलेला कोरा कागदही असेल.’ ते दारापर्यंत गेले आणि परत आले. कॉलरखालची सुई काढली, दोऱ्यासकट टेबलावर ठेवली. ‘सापडला तर परत टाचणी लावू नका. एक टाका घाला. दोऱ्याला गंज येत नाही.’

त्या दिवसापासून जतनबाई जेवायच्या सुट्टीतही स्वस्थ बसेना. तिने पारदर्शक कागदावर माझी दोन भोकं आणि माझा तपकिरी डाग उतरवून घेतला, आणि तो घेऊन पेटी न् पेटी धुंडाळू लागली. दुसऱ्यांची पत्रं, दुसऱ्यांच्या वह्या, दुसऱ्यांची दुःखं. प्रयोगवह्यांकडे जायला तिला सात आठवडे लागले. पत्राचा अर्धा भाग आलेखाच्या पाठीवर असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

ती वरून खाली आली तेव्हा हातात आलेख होता. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. भोकावर भोक, डागावर डाग. उलटून पेन्सिल वाचली, आणि वाचता वाचता खुर्चीत बसली. मग तिने भाचीला फोन लावला. मला तिकडचं ऐकू आलं नाही. इकडचं आलं.

‘सापडला हो. मास्तरांना आणता का? की मीच येऊ घेऊन?’ ती थांबली. ‘कधी?’ मग म्हणाली, ‘मला माफ करा. मास्तर होते तोवर, दहा दिवस आधी सापडायला हवा होता.’

भाची एकटीच आली. मास्तर बसले होते त्याच खुर्चीवर बसली आणि पेन्सिलचा कागद मोठ्याने वाचला, मामांना ऐकवावा तसा. ‘मी फाटकापाशी उभी राहते’ इथे आवाज फुटला, तरी शेवटपर्यंत वाचला.

‘त्यानंतर मामा काही बोलले नव्हते का घरी?’ जतनबाईने विचारलं.

‘एकदाच. म्हणाले, सापडला का ते विचार गं बाईंना. मी म्हटलं, काम चालू आहे, घाई नका करू.’ भाचीने डोळे पुसले. ‘घाई नका करू, म्हटलं मी.’

जतनबाईने मास्तरांची सुई काढली. तिने ती पाकिटात जपून ठेवली होती. माझ्याच दोन भोकांतून, नवं भोक न पाडता, तिने दोरा आत घातला, बाहेर काढला आणि सैल गाठ मारली. मी पन्नास वर्षं जे धरून होते ते आता भावाच्या दोऱ्याने धरलं आहे. मला हेवा वाटला का? वाटला, खोटं का बोलू. पण माझ्यापेक्षा तो हक्काचा होता.

बरणी अजून टेबलावरच आहे. आत मी कुठली, हे जतनबाईला ठाऊक नाही. सगळ्या सारख्याच गंजलेल्या. आता मात्र ती आधी चिठ्ठी लिहिते आणि फोन वाजत राहिला तरी उठत नाही. तुमच्याही घरी कधी असे कागद निघतील, आणि तुम्ही ते इथे आणाल, जरूर आणा. आम्हाला खुशाल काढून टाका, त्याची तक्रार नाही. पण काढायच्या आधी एकदा बघून घ्या, कोण कुणाबरोबर होतं.

आणि मास्तर, तुम्ही कुठे असाल ते मला माहीत नाही. हातभर अंतरावर होतात तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आत्ता सांगते. त्या वाक्यानंतर ती पाणी प्यायला उठली होती. पाणी पिऊन ती परत आली होती.